बाबांची निळी वही आणि शोरूमचा ताळेबंद (नागपूर)

वर्धारोडवाला | 6 ऑक्टोबर 2025, रात्री 11.40

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

आमची नागपुरात चारचाकीची डीलरशिप आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतीलच, त्यांनी कृपया गप्प बसावं. बाबा आता 71 वर्षांचे. 1978 साली गणेशपेठेत भाड्याच्या टपरीत फियाट दुरुस्त करायला बसले, पुढे श्रद्धानंदपेठेजवळ वर्कशॉप टाकलं आणि 1997 मध्ये वर्धा रोडला शोरूम. मी पुण्यातली नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी परत आलो आणि हिशेब बघायला लागलो.

तेव्हा बाबांची निळी वही सापडली. सापडली म्हणजे काय, ती त्यांच्या टेबलावरच असते, मीच कधी उघडली नव्हती. शाळेची 200 पानी वही. आत मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात असल्या नोंदी:

'गणपती. 14 मंडळं.'
'रक्तदान. केळी, बिस्किटं. डॉक्टरांना डबा.'
'मोहपा रोडवर बाई अडकली, क्रेन पाठवली. पैसे घेतले नाहीत.'
'बारावी पोरगी. फी. कोणाला सांगू नये.'
'बॅटरी. उधार. (देणार नाही.)'

कंस त्यांचेच आहेत. गेल्या वर्षाची बेरीज मारली तर दोन सेल्स एक्झिक्युटिव्हच्या वर्षभराच्या पगाराएवढी भरली.

आता म्हणाल, शोरूमवाल्याला काय कमी? तर ऐका. दहा लाखांच्या गाडीत डीलरला लाख-दीड लाख सुटतात असा सर्वत्र समज आहे. प्रत्यक्षात मार्जिन 3 ते 5 टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातूनच डिस्काउंट, भाडं, पगार, व्याज. गाडी कंपनीतून निघाली की बिल आमच्या नावे फाटतं, पैसे बँकेचे. यार्डात उभी गाडी बैलासारखी रोज खाते, फक्त कडब्याऐवजी व्याज. यंदा तर कहर झाला. 15 ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली, 3 सप्टेंबरला दर ठरले (लहान गाड्या 28 टक्के अधिक सेसवरून 18 वर), आणि लागू झाले 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी. मधले पाच आठवडे लोक येत, एसीत बसत, चहा पीत आणि '22 नंतर येतो' म्हणून जात. गणपती असे कोरडे गेलेले मी पहिल्यांदा पाहिले. दसऱ्याला 46 गाड्या दिल्या हे खरं, पण सेस भरून घेतलेल्या स्टॉकचं गणित अजून बसलेलं नाही.

आम्ही एक सल्लागार नेमलाय. तो म्हणतो, ज्या खर्चात आपलं नाव दिसत नाही तो बंद करा, ज्यात दिसतं तो वाढवा, चौकात होर्डिंग लावा. बाबांना विचारलं तर म्हणतात, "तू बस. मी पाहतो."

तर प्रश्न सरळ आहे. वही चालू ठेवायची की बंद करायची?

---

झिरो_माईल | 6 ऑक्टोबर, 11.52

पॉपकॉर्न घेऊन बसलो. त्याआधी एकच शंका: हँडलिंग चार्जेस (गाडी यार्डातून शोरूमला आणली म्हणून बिलात वरून लावतात ते) घेता का?

---

पुण्यात_अडकलेला | 7 ऑक्टोबर, सकाळी 7.15

"बैलासारखी रोज खाते" 😄 लिहीत राहा मालक. वाचनमात्र राहून पाप केलंत.

---

इतवारीकर | 7 ऑक्टोबर, 9.03

अबे भाऊ, वही बंद करून काय होते? तू वही बंद करशील, बाबूजी खिशातून देऊन राहतील. आमच्या बुढ्याचं पण तसंच होतं. किराणा दुकान, उधारी इतकी की चित्रगुप्ताला मुनीम ठेवाव लागला असता. मी दुकानात बसलो न् पहिल्याच महिन्यात उधारी बंद केली. लोक नगदी देऊ लागले. हाव, पण मग लग्नाच्या याद्या दुसऱ्या दुकानात जाऊ लागल्या. लग्नाची यादी म्हणजे कमीत कमी दोन पोते साखर, समजलं का?

---

नंदनवन_2बीएचके | 7 ऑक्टोबर, 10.30

मी विरोधी पक्षात. लेखकाच्या वडिलांबद्दल आदर ठेवून लिहितोय, राग मानू नये.

मी आयुष्यात तीन नव्या गाड्या घेतल्या, तिन्ही नागपुरात, तीन वेगवेगळ्या शोरूममधून. शोरूमची नावं काढत नाही. तिन्ही ठिकाणी मालकाचा फोटो भिंतीवर होता: कुठे सायकली वाटताना, कुठे वृक्षारोपण करताना, कुठे कुणाला तरी शाल घालताना. आणि तिन्ही ठिकाणी मला सांगितलं की इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागेल, नाहीतर डिलिव्हरी लांबेल. असा कुठलाही नियम नाही, गिऱ्हाईक विमा कुठूनही घेऊ शकतो. मी बाहेरून कोटेशन आणलं, तेव्हा एका ठिकाणी अचानक 'सिस्टीम डाऊन' झाली. दुसऱ्या ठिकाणी 14 हजारांचं एक्सेसरीज पॅक गळ्यात मारलं. त्यात मडफ्लॅप, मॅट, एक परफ्युम आणि डॅशबोर्डवर चिकटवायचा गणपती. म्हणजे मंडळाला दिलेली वर्गणी माझ्याच डॅशबोर्डवरून वसूल झाली.

माझं मत: आधी बिल स्वच्छ करा. समाजसेवा नंतर.

---

झिरो_माईल | 7 ऑक्टोबर, 10.41

+1. आणि हँडलिंग चार्जेस?

---

संत्रासाल | 7 ऑक्टोबर, 10.58

पुढच्या मारबतीच्या मिरवणुकीत एक बडग्याचा पुतळा हाच काढा. "इडा, पीडा, हँडलिंग चार्जेस घेऊन जाय गे मारबत!"

---

अंबाझरीची_आत्या | 7 ऑक्टोबर, दुपारी 2.20

नंदनवन, तुमचं बरोबर आहे, पण माझा अनुभव लिहिते.

2023 चे महालक्ष्म्यांचे दिवस. 22 सप्टेंबरला आमच्याकडे जेवणं झाली. सोळा भाज्या, आंबील, पुरण, शंभर पानं उठली. रात्री बारा वाजता भांडी पालथी घालून आडवे झालो आणि दोनच्या सुमाराला पाऊस सुरू झाला. तसला पाऊस मी जन्मात पाहिला नाही. अंबाझरीचं पाणी सांडव्यावरून आलं आणि पहाटेपर्यंत आमच्या हॉलमध्ये गुडघाभर. महालक्ष्म्या पाटावर उभ्या, साड्यांचे काठ पाण्यात, आणि समोर रात्रीचे उरलेले फुलोरे तरंगताहेत. हे चित्र डोळ्यांसमोरून जात नाही. गॅरेजमधली गाडी आरशापर्यंत बुडालेली.

सकाळी सातला फोन आला. 'गाडी सुरू करू नका. किल्ली लावूसुद्धा नका. आम्ही येतो.' इतकंच. जिथून गाडी घेतली त्या शोरूमच्या मालकांचा स्वतःचा आवाज. (हे तुमचे बाबा की दुसरे कोणी, मी विचारणार नाही, तुम्ही सांगू नका.) यादी समोर ठेवून आमच्या भागातल्या एकेका गिऱ्हाइकाला त्यांनीच फोन केले, हे मला नंतर कळलं. समोरच्या घरातल्यांना असा कुणाचा फोन आला नाही. त्यांनी पाणी ओसरल्यावर उत्साहाने सेल्फ मारला. इंजिन गेलं.

---

टायमिंग_बेल्ट | 7 ऑक्टोबर, 3.05

आत्याबाईंनी लिहिलंय ते महत्त्वाचं आहे म्हणून थोडं तांत्रिक. हवा आत घेण्याच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सेल्फ मारला की पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. बुडालेली गाडी बंदच राहिली तर तेल बदलून, साफसफाई करून बऱ्याचदा वाचते. सेल्फ मारलात की इंजिन खोलावं लागतं. बहुतेक साध्या पॉलिसीत हे नुकसान बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. बुडाली तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, न्यूट्रलला ठेवा आणि फ्लॅटबेडवरच न्या. दोरीने ओढू नका.

---

नंदनवन_2बीएचके | 7 ऑक्टोबर, 3.40

आणि पूर म्हणजे वर्कशॉपची दिवाळी, हेही लिहा ना. त्या आठवड्यात किती गाड्यांची कामं आली असतील? फोन केला तो सेवेसाठी की कामासाठी?

---

अंबाझरीची_आत्या | 7 ऑक्टोबर, 4.02

दोन्हींसाठी असेल. मला फोन आला ना. तुम्हाला इंजिनवाल्या शेजाऱ्यांशी बोलायचं असेल तर त्यांचा पत्ता देते.

---

संत्रासाल | 7 ऑक्टोबर, 4.04

आत्या 1, नंदनवन 0.

---

वर्धारोडवाला | 7 ऑक्टोबर, रात्री 10.15

सर्वांचे आभार. नंदनवन, दिवाळी झाली हे खरं आहे. वर्कशॉपमध्ये जागा उरली नाही म्हणून शेजारच्या लॉनवाल्याकडे गाड्या उभ्या केल्या. गाड्या विकून शोरूम जेमतेम स्वतःचा खर्च काढतं, घर चालतं ते सर्व्हिसवर, हे या धंद्यातलं उघड गुपित आहे. वहीत त्या आठवड्याचं पान बघितलं: 'अंबाझरी, 63 गाड्या. क्रेनचे पैसे कोणाकडून नाही. मजुरी अर्धी. पार्ट पूर्ण.' तर असा हिशेब.

---

सीए_पण_माणूस | 8 ऑक्टोबर, 8.50

भावनेचं झालं, आता थोडं कोरडं.

1. सीएसआरचा (कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाचा) कायदा तुम्हाला बहुधा लागू नाही. 500 कोटी नेटवर्थ, 1000 कोटी उलाढाल किंवा 5 कोटी निव्वळ नफा, यातलं एक तरी असेल तर गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च सक्तीचा. 5 कोटी नफा असता तर तुम्ही हा धागा काढला नसता.

2. देणगीवरची आयकरातली (80जीची) सवलत फक्त मान्यताप्राप्त संस्थेला दिली तरच. रोख 2000 च्या वर चालत नाही. कंपनीने 22 टक्क्यांची करप्रणाली निवडली असेल तर ती सवलतही नाही.

3. मंडळाच्या स्मरणिकेत जाहिरात दिली, पावती घेतली, तर तो जाहिरात खर्च. राजकीय पक्षाच्या स्मरणिकेतली जाहिरात मात्र धरता येत नाही, हे निवडणुकीच्या वर्षी लक्षात ठेवा. एका दिवसात एका माणसाला 10 हजारांवर रोख खर्च दिला तर तोही नामंजूर.

4. बारावीच्या पोरीची फी कंपनीच्या खर्चात बसत नाही. ती बाबांनी स्वतःच्या उचलीतून द्यावी.

5. '(देणार नाही)' अशी नोंद करून दिलेल्या उधारीला आयकर खातं बुडीत कर्ज मानत नाही. घरी तिला काय म्हणतात ते आईंना विचारा.

---

महालातली_माई | 8 ऑक्टोबर, 9.30

मुद्दा क्रमांक 5 साठी सीएसाहेबांना ओवाळायला हवं. इतका वेळ वाट बघत होते की कोणी तरी आईचं नाव काढेल! धाग्यात बाबा आहेत, वही आहे, सल्लागार आहे, पिस्टनसुद्धा आहे. आई कुठे आहे?

माझे दीर टायरच्या धंद्यात. मोठे समाजसेवक. रात्री दीड वाजता कोंढाळीच्या पुढून फोन, 'भाऊ, पंक्चर झालं, स्टेपनी पण बसली'. भाऊ निघाले. भाऊंच्या मागे जाऊबाई उठल्या, थर्मास भरला. परत येताना भाऊ त्या अनोळखी कुटुंबाला घरीच घेऊन आले. पहाटे चार वाजता पिठलं-भात. माणसं जेवून, पाया पडून गेली. भाऊंचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं. ती शाल जाऊबाईंनी कामवालीला दिली आणि नारळाची चटणी केली. त्यांच्या वाट्याला आलेला सत्कार तो.

---

पुण्यात_अडकलेला | 8 ऑक्टोबर, 9.44

नारळाची चटणी 🙏

---

डेट्रॉईटचा_बंड्या | 8 ऑक्टोबर, 10.10 (इकडे मध्यरात्र)

इकडचं सांगतो. अमेरिकेतल्या लहान गावात कार डीलर म्हणजे आपल्याकडचा पोलीस पाटील, सावकार आणि गणपती मंडळाचा अध्यक्ष एकत्र. शाळेच्या बेसबॉल संघाच्या शर्टावर त्याचं नाव, चर्चच्या जेवणात त्याचा टर्की, गावच्या मिरवणुकीत त्याच्या उघड्या टपाच्या गाड्या. तीन-तीन पिढ्या एकच आडनाव बोर्डवर.

फरक असा की इथे राज्याराज्यांत फ्रँचायझीचे कायदे आहेत. कंपनीला मनात आलं म्हणून डीलर काढून टाकता येत नाही, बऱ्याच राज्यांत कंपनी स्वतः थेट गाडीही विकू शकत नाही. आपल्याकडे असा खास कायदा नाही. डीलरांची संघटना, फाडा, 1964 पासून आहे आणि अशा कायद्याची मागणी करत आली आहे. त्यामुळे इथल्या डीलरला शाळेच्या संघावर पैसे लावताना निदान खात्री असते की पुढच्या हंगामात दुकान असेल.

---

अमरावतीची_लेक | 8 ऑक्टोबर, 11.25

बंड्याने बोट अगदी दुखऱ्या जागी ठेवलं.

माझ्या मामाची डीलरशिप होती. कंपनी परदेशी. एके दिवशी बातम्यांत कळलं की ती भारतातून जातेय. मामाला पत्र दुसऱ्या दिवशी आलं. कंपनीने सांगितलेल्या डिझाइनचे काचेचे दरवाजे, सांगितल्या रंगाच्या फरशा, सांगितल्याच कंपनीचे सोफे, सगळं दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून केलेलं. त्या फरशा आता एका मंगल कार्यालयात आहेत. निळ्या रंगाच्या. लग्नाला गेलं की मामी खाली बघत नाही.

पण त्या वर्षी कोण उभं राहिलं ते सांगते. मामा दरवर्षी ज्या मूकबधिर शाळेच्या सहलीला गाड्या द्यायचा, तिथल्या शिक्षकांनी पुढच्या चार वर्षांत स्वतःच्या अकरा गाड्या त्याच्या गॅरेजला लावल्या. जुन्याच कंपनीच्या, पार्ट मिळायची मारामार, तरी. अकरा गाड्यांनी कर्ज फिटत नाही. मामा मात्र त्याच आकड्यावर सकाळी उठून अंघोळ करायचा.

---

गड्डीगोदाम_एक्सप्रेस | 8 ऑक्टोबर, दुपारी 1.15

अवांतर होतंय, पण जुन्या गाड्यांचे व्यापारीही यात धरा ना! माझे सासरे कामठी रोडला कार बाजार चालवतात. त्यांचा महिमा असा की मोहल्ल्यातल्या प्रत्येक लग्नाला नवरदेवाची गाडी त्यांच्याकडून फुकट, आणि ज्याने गाडी विकली त्या बिचाऱ्याला दोन वर्षांनी चालान. कारण गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेतल्या, पण आरटीओत दिलेच नाहीत. 'जो घेईल त्याच्या नावावर करू' हे त्यांचं धोरण. एकदा गोंदियाच्या मास्तरला नोटीस आली की तुमची गाडी रात्री दोन वाजता रायपूरला सिग्नल तोडून गेली. मास्तर तेव्हा झोपलेले.

आता 1 एप्रिल 2023 पासून नियम आला, जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आरटीओकडून अधिकृत व्हायचं आणि गाडी ताब्यात घेतली की ऑनलाइन कळवायचं. मी स्वतः बसून सासऱ्यांचा अर्ज भरला. जावई म्हणून मिळालेला एकमेव मान.

वाचकांना विनंती: गाडी व्यापाऱ्याला द्या की मेहुण्याला द्या, आरसीवरचं नाव बदललं की नाही ते स्वतः बघा.

---

संत्रासाल | 8 ऑक्टोबर, 1.20

मास्तर झोपलेले 😂😂 धाग्याने वर्धा रोड सोडून कामठी रोड धरला आहे. दोन्हीकडे डबल डेकर पूल आहे, खालून जायचं की वरून ते ठरवा.

---

वर्धारोडवाला | 8 ऑक्टोबर, 1.45

पुलाचं नावच काढू नका. वरून जाणाऱ्याला आमचा बोर्ड दिसत नाही, खालून जाणारा सिग्नल चुकवायच्या नादात असतो. सल्लागार होर्डिंग म्हणतो ते यासाठीच.

---

सेल्सचा_पोऱ्या | 8 ऑक्टोबर, रात्री 11.55

सगळे प्रतिसाद वाचले. मी सहा वर्षं शोरूममध्ये काढली. कुठल्या ते सोडा, आता बँकेत आहे.

महिनाअखेर काय असते ते लिहितो. 28 तारखेला दहा गाड्यांचं टार्गेट बाकी असलं की मॅनेजर सकाळी उभ्यानेच मीटिंग घेतो. गिऱ्हाइकाला डिस्काउंट दिला तर इन्सेंटिव्हमधून कापला जातो, नाही दिला तर गाडी जात नाही. गळ्यात टाय, नागपूरचा मे महिना, 45 डिग्रीत टेस्ट ड्राइव्ह. मालक बाहेर रक्तदान शिबिर घेत होते. आमच्यातल्या आठ जणांना सांगितलं, रक्त द्या, फोटोत गर्दी दिसली पाहिजे. दिलं. दुपारी परत फ्लोअरवर.

वर्धारोडवाला दादा, तुमच्या वडिलांवर काहीच म्हणणं नाही. एकच विचारतो. त्या निळ्या वहीत मंडळं आहेत, मोहप्याची बाई आहे, बारावीची पोरगी आहे. सेल्सच्या पोरांचं एखादं पान आहे का? लॉकडाऊनमध्ये तुमच्याकडे पूर्ण पगार झाले होते का?

---

नंदनवन_2बीएचके | 9 ऑक्टोबर, 7.30

याला म्हणतात प्रश्न.

---

इतवारीकर | 9 ऑक्टोबर, 9.10

भाऊ चूप झाला वाटते.

---

औंढ्याहून | 10 ऑक्टोबर, संध्याकाळी 6.30

मी हिंगोली जिल्ह्यातला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर दरवर्षी येतो, माझे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला चालत-गाडीने करत आले होते. लाखोंची गर्दी असते, जेवण कोणी ना कोणी देतंच. पुरी-भाजी, खिचडी, मसालेभात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. दुपारपर्यंत 'आता नको' म्हणायची वेळ येते. अडचण वेगळीच असते. बायकांना बाथरूम.

श्रद्धानंदपेठेच्या बाजूला एक वर्कशॉप आहे. तीन-चार वर्षं बघतोय, त्या दोन दिवसांत गाड्या बाहेर काढून शेड मोकळी करतात. आत ताडपत्री, टाकी, आणि मागच्या भिंतीला पक्क्या बांधलेल्या आठ संडास-मोऱ्या. वर्कशॉपला आठ कशाला लागतात? माझी आई आणि मावशी तिथे रात्री झोपल्या. बोर्ड नाही, बॅनर नाही, फक्त एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसलेले, पाणी संपलं की पोराला ओरडणारे. ते हेच असतील असं माझं म्हणणं नाही. नागपुरात वर्कशॉप पुष्कळ आहेत.

---

अंबाझरीची_आत्या | 10 ऑक्टोबर, 6.52

दसऱ्याला! म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा डिलिव्हरीचा दिवस, आणि वर्कशॉप रिकामं?

---

टायमिंग_बेल्ट | 10 ऑक्टोबर, 7.15

डिलिव्हरीआधीची तपासणी, धुणं, नंबर प्लेट हे सगळं वर्कशॉपमध्ये होतं. ते रिकामं केलं म्हणजे आदल्या दोन रात्री जागून काम उरकलं असणार. म्हणजे परत पोरंच जागली. सेल्सच्या पोऱ्याचा प्रश्न उभाच आहे.

---

वर्धारोडवाला | 14 ऑक्टोबर, रात्री 11.20

उत्तर द्यायला वेळ लागला. कारण आहे.

सेल्सचा_पोऱ्या, तुमचा प्रश्न वाचून त्याच रात्री वही काढली. 2020 ची पानं. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: त्या वर्षी गुढीपाडवा 25 मार्चला होता आणि देशभरचं लॉकडाऊन आदल्या रात्री बारापासून. पाडव्याच्या 22 गाड्या धुऊन, पुसून, हार आणून तयार होत्या. शिवाय 31 मार्चला बीएस-फोर (जुन्या प्रदूषण नियमांच्या) गाड्या विकायची मुदत संपत होती, त्या उरलेल्या गाड्या वेगळ्या. त्या पानावर बाबांनी फक्त 'हार वाळले' एवढंच लिहिलंय.

पुढचं पान: 'एप्रिल, मे. अर्धा पगार. बाकी देणे.' खाली 34 नावं. नावांपुढे रक्कम. नऊ नावांपुढे बरोबरची खूण. पंचवीस तशीच.

बाबांना दाखवलं. बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "ज्यानं मागितले त्याला दिले." मी म्हटलं, बाकीच्यांनी का नाही मागितले? तर म्हणाले, "तेच तर." आणि उठून देवापाशी गेले.

त्या 34 पैकी 16 अजून आमच्याकडेच आहेत. रोज 'गुड मॉर्निंग सर' म्हणतात. एकानेही पाच वर्षांत विषय काढला नाही. उरलेल्यांत कोणी बँकेत, कोणी दुसऱ्या शोरूमला, दोघे करोनात गेले. त्यांच्या बायकांचे नंबर काढायला मला तीन दिवस लागले.

होर्डिंग रद्द केलं. त्याचे वर्षभराचे पैसे आणि थोडे वरून, एवढ्यात पंचवीसच्या पंचवीस बसतात. धनत्रयोदशीच्या आधी खात्यात जातील. सल्लागाराला कळवलं, तो म्हणाला यातही ब्रँड व्हिजिबिलिटी नाही. सीएसाहेब, हा पगार आहे, खर्चात बसतो ना? बसत नसला तरी सांगू नका.

मंडळं 14 वरून 6 केली. बाबा चिडलेत, दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत.

औंढ्याहून, त्या आठ मोऱ्यांबद्दल मी काही लिहिणार नाही.

माई, आईला विचारलं. ती म्हणाली, वही बंद कर नाही तर चालू ठेव, पण ते रात्री फोन उशाशी घेऊन झोपतात तेवढं थांबव, सत्तेचाळीस वर्षं माझी झोप मोडतेय. फोन आता हॉलमध्ये चार्जिंगला असतो. काल पहाटे तीनला वाजला. आईनेच उचलला. बुटीबोरीच्या अलीकडे कोणाचा तरी क्लच गेला होता. तिने क्रेनवाल्याला लावून दिला आणि आम्हाला कोणालाच उठवलं नाही. सकाळी वहीत तिच्या अक्षरात पहिलीच नोंद होती.

---

महालातली_माई | 14 ऑक्टोबर, 11.31

आता वही वाचायला मजा येईल.

---

सेल्सचा_पोऱ्या | 15 ऑक्टोबर, 12.10

दादा, ते दोघे गेले म्हणालात, त्यांच्या घरी पैसे नुसते खात्यात टाकू नका. जाऊन या.

---

वर्धारोडवाला | 15 ऑक्टोबर, 12.14

रविवारी जातोय. बाबा बोलत नसले तरी गाडीत बसतील.

---

झिरो_माईल | 15 ऑक्टोबर, सकाळी 8.05

सगळं वाचलं, डोळे पुसले. पण मालक, हँडलिंग चार्जेसचं उत्तर नऊ दिवस झाले आलेलं नाही.

---

वर्धारोडवाला | 15 ऑक्टोबर, 8.20

2019 पर्यंत घेत होतो. वहीत आहे. पुढे कंसात बाबांनी जे लिहिलंय ते इथे टाकलं तर अ‍ॅडमिन धागा उडवतील.